पुसलेली पालकाची पानं

वालीवच्या एका छोट्या कारखान्यात मी सुटे भाग तपासतो. लेथवरून आलेला नग व्हर्निअरमध्ये धरायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पुढचा नग घ्यायचा. हे काम मी सत्तावीस वर्षं करतो आहे. सवय अशी लागली आहे की घरीसुद्धा गॅसचा सिलिंडर कधी लावला, पाण्याची टाकी किती वेळात भरली, हे कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. बायको यावरून मला बोलते आणि सिलिंडर संपत आला की तिथेच बघते.

ती वनस्पतिशास्त्र शिकवते, विरारजवळच्याच एका महाविद्यालयात. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा तिने पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. सकाळची लेक्चरं, दुपारची प्रात्यक्षिकं आणि उरलेल्या वेळात संशोधन असं सुरू झाल्यावर विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांमधलं स्वयंपाकघर हळूहळू माझ्याकडे आलं. पोळ्या मला अजून नीट जमत नाहीत. पण भाजी निवडणं मला पहिल्या दिवसापासून आवडलं. पालक, मेथी, लाल माठ, काहीही असो, मी जुडी सोडतो, पिवळं पान बाजूला काढतो, चिखल पुसतो, देठ एका रेषेत आणतो आणि तळहातावर हलकेच आपटून पुन्हा जुडी करतो. तपासलेले नग ट्रेमध्ये लावावेत तशी. बायको म्हणायची, "अहो, भाजी शिजवायची आहे, प्रदर्शनात नाही ठेवायची."

तिच्या संशोधनाचा विषय मला बरेच दिवस कळला नव्हता. पानातले लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ, असं ती सांगायची. पालकात कसलं आलंय तेल, असं मला वाटायचं. एका रविवारी कणीक मळता मळता मी तिला म्हटलं की मला पहिल्यापासून सांग, मी कारखान्यातला माणूस आहे असं समजून सांग. तिने जेवणाच्या टेबलावर खडूने वर्तुळं काढली.

पानाची एक पेशी म्हणजे एक पिशवी. तिच्या आत आणखी पिशव्या. सगळ्यांच्या भिंती पातळ पडद्याच्या, आणि तो पडदा लिपिडांच्या दोन थरांचा. प्रत्येक लिपिडाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना नाही, म्हणून शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून ते आपोआप थर धरतात. हे मला समजलं. मग मी विचारलं की या शेपट्या बनतात कुठे. ती म्हणाली, हरितलवकात. जिथे पान उन्हातून साखर करतं तिथेच. तिथे कार्बन दोन-दोनने जोडत जातात आणि सोळा किंवा अठरा झाले की थांबतात. हरितलवकाला स्वतःला तर अफाट पडदा लागतो. त्याच्या आत पडद्यांच्या थप्प्या असतात, त्यावरच ऊन पकडलं जातं. तरीही सगळ्या शेपट्या तो स्वतःकडे ठेवत नाही. काहींपासून तो तिथल्या तिथे लिपिड तयार करतो. बाकीच्या तो बाहेर पाठवतो, पेशीतल्या दुसऱ्या एका जाळीदार पडद्याकडे. तिथे त्यांना डोकी बसतात, थोडे फेरफार होतात. त्यातला बराचसा माल पेशीच्या इतर पडद्यांना जातो, आणि एक हिस्सा परत हरितलवकात येतो.

"स्वतःचाच माल बाहेर पाठवून परत आणतो?"

"हो."

"मग हे जॉबवर्क आहे."

तिला आधी ते आवडलं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर आमचा गाळा होता. आम्ही नग कातून काढतो, पण त्याला मुलामा द्यायची सोय आमच्याकडे नाही. तो दोन गल्ल्या पलीकडे जातो, चलनावर, म्हणजे मालाच्या पावतीवर, नगांची संख्या लिहून. मुलामा होऊन परत येतो, मी पुन्हा मोजतो, मग जुळणी. वालीवमध्ये अर्धे गाळे असेच एकमेकांच्या जिवावर चालतात. काही दिवसांनी तिनेच मला सांगितलं की तिने वर्गात जॉबवर्क हा शब्द वापरला. त्या वर्गात अर्ध्या मुलांचे वडील वालीवला किंवा तिकडच्याच कुठल्या गाळ्यात, त्यामुळे मुलांना लगेच कळलं.

मला सर्वांत आवडला तो शिक्का. डोकं आणि दोन शेपट्या एका कण्यावरच्या तीन जागी ओळीने बसतात. त्यातल्या मधल्या जागेवर सोळा कार्बनांची शेपटी असेल तर तो माल हरितलवकात घरच्या घरी बनलेला. अठराची असेल तर तो बाहेर जाऊन आलेला. पालकात दोन्ही तऱ्हांचा माल सापडतो. भाताच्या पानात मात्र हरितलवकातले, डोक्याला साखर असलेले लिपिड जवळजवळ सगळेच बाहेर जाऊन आलेले. म्हणजे तयार झालेल्या पडद्याकडे बघून, नुसते कार्बन मोजून, तो कुठल्या वाटेने आला हे सांगता येतं. आमच्या कारखान्यात चलन हरवलं तर आजही भांडणं होतात. पालकाच्या पानात चलन नगावरच कोरलेलं असतं. हे ऐकून मी कणीक तशीच ठेवून तिच्याकडून दोनदा समजून घेतलं.

मग मी साहजिक प्रश्न विचारला. पेशीत सगळीकडे पाणी. शेपट्यांना पाणी चालत नाही. मग माल पाण्यातून जातो कसा? ती म्हणाली की बराचसा पाण्यातून जातच नाही. दोन पडदे जिथे एकमेकांना अगदी खेटतात, तिथे काही प्रथिनं उभी असतात आणि लिपिड हातोहात पलीकडे देतात. टेम्पो नाही, रस्ता नाही. दोन गाळ्यांची भिंत एकच असावी आणि तिच्यातल्या खिडकीतून नग सरकवावा तसं. नेमकं कोणत्या रूपात ते पलीकडे जातं, हे मात्र अजून पूर्ण कोणालाच माहीत नाही, असंही तिने सांगितलं. मला हे वाक्यही आवडलं. आमच्याकडे साहेब लोक असं कधी म्हणत नाहीत.

तिचा प्रश्न होता भुकेचा. पडद्यातल्या पुष्कळ लिपिडांच्या डोक्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतो. शेतकरी खतातून देतात तोच. जमिनीत स्फुरद कमी पडला की झाड घरातली भांडी मोडीत काढावीत तसं आपल्याच पडद्यातून स्फुरद काढून घेतं, आणि त्या जागी साखरेचं डोकं असलेले लिपिड बसवतं. हे हरितलवकाकडून येतात, आणि एरवी जिथे जात नाहीत तिथेही अशा वेळी पाठवले जातात. भिंत पडू न देता तिच्यातल्या विटा बदलायच्या. हे प्रयोगशाळेतल्या रोपांत माहीत होतं. आपल्याकडच्या शेतात, साध्या पालकात, ते किती होतं हे तिला बघायचं होतं.

चांदीप गावात एक मावशी भाजी पिकवतात. बायकोच्या एका विद्यार्थिनीच्या ओळखीने त्यांच्याकडे जाणं झालं. त्यांनी पालकाचे दोन वाफे आम्हाला दिले. एकाला नेहमीचं खत, दुसऱ्याला स्फुरद द्यायचा नाही. ती जागा आधीच हलकी, बरीच वर्षं पडीक होती. दर खेपेला दोन्हींतली पानं देठासकट कापायची, वेगवेगळ्या पिशव्यांत घालायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि महाविद्यालयात पोचवायची. तिथे ती लगेच गरम अल्कोहोलमध्ये बुडवली जात. त्याने पानातली विकरं, म्हणजे एन्झाइम, मरतात. नाही मारली तर कापलेलं पानही काम करत राहतं.

सकाळी तिची लेक्चरं असत. आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी. म्हणून पानं आणायचं काम मी मागून घेतलं. तिने मला एक कागद दिला, मी त्याची वही केली. वाफा, ओळ, पानांची संख्या, कापल्याची वेळ, डब्यातलं तापमान निघताना आणि पोचताना. थंडीत तीन शुक्रवार मी स्कूटरवर चांदीपला गेलो. तीन वेळच्या नोंदी आजही माझ्याकडे आहेत, त्यात एक खाडाखोड नाही.

निकाल काचेच्या पट्टीवर दिसे. पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा थर, खाली पानांच्या अर्काचे थेंब, आणि द्रावण वर चढत गेलं की एकेक लिपिड आपापल्या उंचीवर थांबतं. मग आयोडिनच्या वाफेत धरलं की तपकिरी ठिपके उठतात. बायकोने फोटो घरी आणले. साखरवाले ठिपके उपाशी वाफ्यात थोडे मोठे होते, अपेक्षेप्रमाणे. पण आणखी एक ठिपका होता, जो खतवाल्या वाफ्यात जेमतेम दिसत होता आणि उपाशी वाफ्यात ठसठशीत. त्याचं नाव फॉस्फॅटिडिक आम्ल. मी त्याला मधला ठिपका म्हणू लागलो.

तिचा आवाज त्या दिवशी बदललेला होता. तिने सांगितलं की हा लिपिड म्हणजे मोडतोड आणि नवी बांधणी यांच्यामधली पायरी. स्फुरदवाला जुना माल मोडताना तो मध्येच तयार होतो, आणि पडद्यांमधून पलीकडे जाणाऱ्या मालातही त्याची गणना होते. तो एरवी साठतच नाही, लगेच पुढे जातो. म्हणजे आपण वाटेवरचा माल पाहिला.

दुसऱ्या खेपेला तेच आलं. तिसऱ्या खेपेलाही तेच. मी आलेखाच्या कागदावर ठिपक्यांचे चौकोन मोजले, तिन्ही वेळा जवळपास सारखे. मी स्वतः तिला म्हटलं की तीनदा सारखं आलं म्हणजे आता शंका नको.

हे किती मोलाचं होतं ते सांगायला हवं. तिच्या नोंदणीला दोनदा मुदतवाढ मिळाली होती. तिसरी मिळणार नव्हती. एप्रिलमध्ये समितीपुढे सादरीकरण होतं. शेवटचं प्रकरण पटलं तर प्रबंध लिहायची परवानगी, नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षांचं काम फडताळात. मार्गदर्शक बाईंना आधीची प्रकरणं ठीकठाक वाटत होती. या मधल्या ठिपक्याने त्या पहिल्यांदाच खूश झाल्या. बायकोने पूर्ण प्रकरण त्याच्याभोवती लिहिलं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मी चांदीपला नुसताच गेलो. मावशींचे क्रेट परत करायचे होते. त्या विहिरीजवळ बसून बाजारासाठी जुड्या बांधत होत्या. मुळं तशीच, मुळांना ओली माती, वर गवताची गाठ. मी समोर बसलो. बोलता बोलता माझ्या हातात दोन-चार सुटी पानं आली, आणि मी खिशातून रुमाल काढून ती पुसायला लागलो.

"भाऊ, चोळू नका," मावशी म्हणाल्या. "चोळलेली पालक दुपारपर्यंत काळी पडते. मग कोन घेनार?"

मी म्हटलं, चिखल पुसतोय.

"तुम्ही दर येळी पुसता. तिकडं त्या बिनखताच्या वाफ्याच्या बांधावर बसून. पानी तिकडंच साचतं, चिखल जास्त. मी म्हटलं, बाईंना तशीच लागत असंल."

मी रुमाल खिशात ठेवला. मावशी पुढे म्हणाल्या की इतकी जपून न्यायची तर मुळासकट न्यावी, मुळं मातीत असली की पानाला आपण उपटलोय हे संध्याकाळपर्यंत कळत नाही. मी हो म्हटलं, पण माझं लक्ष नव्हतं.

दर खेपेला माझा क्रम एकच होता. आधी बिनखताचा वाफा, कारण तो मावशींच्या झापाजवळ, म्हणजे झोपडीजवळ, सावलीत. तिथली पानं कापून झाली की मावशी खतवाल्या वाफ्याचं पाणी बंद करायला जात. पाणी जिरून पाय रुतायचे थांबेपर्यंत मी वीस-पंचवीस मिनिटं बांधावर बसून असे. हातात पिशवी, पानं चिखलाने भरलेली. मी काय करणार? मी एकेक पान काढून पुसलं, दोन्ही बाजूंनी. देठ एका रेषेत आणले. तळहातावर आपटून सारखी केली आणि पुन्हा पिशवीत ठेवली. मग खतवाला वाफा. तिथली पानं स्वच्छ असत आणि तोवर ऊन चढलेलं असे, म्हणून ती कापली की थेट डब्यात. तीनदा हेच.

आणि वहीत यातलं काहीही नव्हतं. वहीत सगळं होतं, बर्फाचं तापमान होतं, पण भाजी पुसली ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे असं माझ्या मनातच आलं नव्हतं.

पुसलेल्या पानांवर गडद डाग पडत हेही मला आता आठवलं. बायकोने ते पाहिले होते. स्फुरद कमी पडला की पान गडद होतं, असं तिच्या पुस्तकात होतं.

तीनदा सारखं आलं याचा मला झालेला आनंद मला स्कूटरवर सर्वांत जास्त बोचला. व्हर्निअरचं शून्य सरकलेलं असेल तर तो शंभर वेळा सारखाच चुकीचा आकडा दाखवतो. हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.

त्या शुक्रवारी मी काही बोललो नाही. शनिवारीही नाही. खरं सांगायचं तर, मला लिपिडांतलं काय कळतंय, रुमालाने काय होणार, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. समितीतल्या कोणाला रुमाल दिसणार नव्हता. मावशी विरारला येऊन सांगणार नव्हत्या. रविवारी सकाळी ती टेबलावर लॅपटॉप उघडून सादरीकरणाची पानं लावत होती. मधल्या ठिपक्याभोवती तिने लाल वर्तुळ काढलं होतं. मी चहा ठेवला.

"मी पहिल्या वाफ्याची पानं पुसत होतो."

तिने वर न बघता विचारलं, "पुसत म्हणजे?"

"रुमालाने. भाजी निवडतो तशी. बांधावर बसून."

आता तिने वर बघितलं. "दुसऱ्या वाफ्याची?"

"नाही."

"तीनही वेळा?"

"तीनही वेळा."

"वहीत आहे?"

"नाही."

चहावर साय धरली. मग तिने मला शांतपणे समजावून सांगितलं, आणि ते शांत बोलणं ओरडण्यापेक्षा जड गेलं. पानाला जखम झाली की त्यातली विकरं पडद्यातल्या लिपिडांची डोकी छाटायला लागतात. छाटलं की उरतं तेच, मधला ठिपका. बर्फाने ते सावकाश होतं, थांबत नाही. आणि मी पहिली पिशवी पुसल्यावर ती दीड तास वाटेत असे. भुकेने जे होतं तेच जखमेनेही होतं, पट्टीवर दोन्ही एकाच जागी दिसतात.

मी म्हटलं की चूक माझी आहे, मी मार्गदर्शक बाईंना येऊन सांगतो. ती म्हणाली, "तुम्ही कशाला? मी कागदावर लिहिलं होतं देठासकट कापा. पुसू नका असं कुठे लिहिलं होतं? वर्गातल्या पोरांना मी दहा वेळा सांगते. तुम्हाला नाही सांगितलं, कारण मला वाटलं तुमच्याकडून चूक होणार नाही."

मग ती उठली, फ्रिजमधून पालकाची जुडी काढून माझ्यापुढे ठेवली. "दाखवा कशी पुसता."

मी पुसून दाखवली. तिने घड्याळ लावलं होतं. एका पानाला सात सेकंद. ते तिने लिहून घेतलं.

मावशींना तो वाफा मोडून तिथे भेंडी लावायची होती. बायकोने फोन केला. त्या म्हणाल्या, "ठेवते आठ दिस. पालक म्हातारी झालीय, पन ठेवते." पुढच्या शुक्रवारी बायको रजा टाकून माझ्याबरोबर आली. या वेळी चार पिशव्या. दोन्ही वाफ्यांतली पुसलेली पानं आणि दोन्ही वाफ्यांतली न पुसलेली. शिवाय मावशींच्या म्हणण्याप्रमाणे दोन्हींतली दोन-दोन रोपं मुळासकट, मातीसकट क्रेटमध्ये. ती प्रयोगशाळेत नेऊन थेट अल्कोहोलवर कापायची. कोणत्या वाफ्यापासून सुरुवात करायची यासाठी तिने चिठ्ठी उचलली.

मला तिने बांधावर बसवलं आणि रुमाल हातात दिला. "नेहमी पुसता तसंच. जास्त जोर नाही, कमी नाही."

हे फार अवघड निघालं. सत्तावीस वर्षं नग तपासणाऱ्या हाताला नेहमीचा जोर किती तेच ठरवता येईना. पहिलं पान मी इतकं हळू पुसलं की चिखल तसाच राहिला, ते तिने बाद केलं. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्या बायकोला म्हणाल्या, "बाई, नवऱ्याला भाजी पुसायची परीक्षा हाय का? पास करा, घरी स्वयंपाक कोन करेल?" त्यावर बायको हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली होती. त्यानंतर हात सुटला. सात सेकंद, सात सेकंद, आठ.

पट्टी सोमवारी झाली. मी अर्धी रजा काढून प्रयोगशाळेत गेलो होतो. बाहेर बाकावर बसणार होतो, तिनेच आत बोलावलं. काचेच्या बंद भांड्यात आयोडिनचे खडे होते, तिने पट्टी आत सोडली आणि झाकण लावलं. सहा रकाने. ठिपके एकदम उठत नाहीत, डाग पडावा तसे हळूहळू गडद होतात. मधल्या उंचीवर दोन रकाने आधी दिसायला लागले. तिने खाली लिहिलेल्या खुणा मी वाचल्या. खतवाला वाफा, पुसलेली. बिनखताचा वाफा, पुसलेली. उरलेल्या चारांत तिथे जवळपास काही नव्हतं. मुळासकट आणलेल्या रोपांच्या रकान्यांत तर नावालाही नाही.

वाटेवरचा माल म्हणून आम्ही जे पाहिलं होतं, ते माझ्या रुमालाचं काम होतं.

मी तिच्याकडे बघितलं नाही. ती मात्र झाकण उघडून अजून बघतच होती. मग तिने नखाने काचेवर, न टेकवता, वरची जागा दाखवली. दोन साखरा असलेला ठिपका. पुसलेलं असो की नसो, मुळासकट असो की नसो, बिनखताच्या वाफ्याचे तिन्ही रकाने तिथे जरा मोठे. आणि स्फुरदवाले त्याच मानाने जरा बारीक. फार नाही. डोळ्याला दिसेल इतकं.

"हे मात्र तुमच्यामुळे नाही," ती म्हणाली.

मी नंतर चौकोन मोजले. फरक आमच्या आधीच्या तीन खेपांइतकाच होता, पण तेव्हा मधल्या ठिपक्यापुढे त्याच्याकडे कोणी नीट पाहिलंच नव्हतं. मला त्या पालकाचं कौतुक वाटलं ते तेव्हा, आकडे मांडताना. हलक्या जमिनीतलं एक पान. त्याला कोणी सांगितलं नाही की स्फुरद संपत आलाय. त्याने आपल्या भिंतीतला एकेक तुकडा मोजून सोडवला, दुसरीकडे लावला आणि त्याच्या जागी साखरेचा बसवला. असे लक्षावधी नग, एका पडद्यातून दुसऱ्या पडद्यात. आणि बाहेरून ते पालकाचं पानच राहिलं, जुडीत बांधून विकता येण्यासारखं. आमच्या गाळ्यात एक यंत्र बदलायचं तर चार दिवस काम बंद ठेवावं लागतं.

बायकोने प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. मार्गदर्शक बाईंचं म्हणणं पडलं की पुसलेल्या पानांचा भाग सरळ काढून टाकावा, चांगला तेवढाच निकाल द्यावा, समितीपुढे आपली चूक कशाला मांडायची. बायकोने ऐकलं नाही. ती म्हणाली, "शेतातून पानं आणणारी माझ्यामागे आणखी कोणी असेल, तिच्या घरीही कोणी भाजी निवडणारं असेल." तिने सहाही रकान्यांचा फोटो ठेवला आणि नमुने हाताळण्याबद्दल दोन पानं नवी लिहिली. लाल वर्तुळ तिने खोडलं नाही, तिथेच ठेवलं. शीर्षक फक्त बदललं.

एप्रिलमधल्या त्या दिवशी मी कामावर होतो. सकाळपासून तीन वेळा एकच ट्रे मोजला. दुपारी तिचा फोन आला. तिने सांगितलेलं मी सांगतो. सहा रकान्यांचा फोटो आला तेव्हा एक वयस्क सर पुढे झुकले आणि त्यांनी विचारलं की हे पुसण्याचं तुमच्या लक्षात कसं आलं. तिने सांगितलं की ज्यांनी पुसली त्यांनीच येऊन सांगितलं. सर म्हणाले की त्यांच्या प्रयोगशाळेत असं कोणी येऊन सांगत नाही. मग त्यांनी साखरवाल्या ठिपक्यावर बरेच प्रश्न विचारले, आणि त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिला आली नाहीत. तिने तसं सांगितलं. परवानगी मिळाली. अट एकच, पुढच्या थंडीत एक खेप पुन्हा करून ती जोडायची.

संध्याकाळी मी पालकाचीच भाजी केली. दुसरं काही सुचलं नाही. मुळासकट जुडी मिळाली होती. मी पानं एकेक करून देठाला धरून उचलली, रुमाल घेतला नाही, नळाखाली हलकेच धरली आणि चिरली. ती आली, हात धुऊन बसली, पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबली. तोंडात वाळू कचकचत होती, ते मलाही ऐकू आलं.

"अहो," ती म्हणाली, "खायची तरी पुसा."